खोकं कधी उघडलंत?

प्रश्न : मी म्हापशाला राहतो. घरी प्रवाळांची समुद्री टाकी उभी करायची म्हणून वास्कोच्या एका तारवट्याकडून (बोटीवर नोकरी करणाऱ्याकडून) जुना एलईडी रीफ लाईट ३८,००० रुपयांना घेतला. ‘फक्त आठ महिने वापरलेला, सगळे चॅनल चालू’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. १४ मार्चला म्हापशाच्या बसस्टँडवर खोकं ताब्यात घेतलं, पैसे यूपीआयने दिले. टाकी ‘सायकल’ होत होती, तयार व्हायची होती, म्हणून खोकं तसंच ठेवलं. ९ जूनला लाईट टांगला तेव्हा निळ्याचे दोन चॅनल (वेगवेगळे कमी-जास्त करता येणारे दिव्यांचे गट) बंद निघाले. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिलं, जमलं नाही. २१ जूनला विक्रेत्याला कळवलं, त्याने मला ब्लॉक केलं. कंपनीला सिरियल नंबर पाठवला तेव्हा कळलं की लाईट पाच वर्षांपूर्वी बनलेला आहे. दरम्यान माझे तीन ॲक्रोपोरा आणि एक हॅमर कोरल मेले. ३८,००० परत, प्रवाळांचे ६०,००० आणि मनस्तापाचे १ लाख मिळतील का? ग्राहक आयोगात जाऊ की पोलिसांत? तो चवथ (गणेशचतुर्थी) झाली की परत बोटीवर चढणार आहे. तक्रारीचा मसुदा आणि व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट सोबत पाठवतोय. लाईट टांगायला चौकटीला चार भोकं पाडली होती.

उत्तर : जुना इन्व्हर्टर, जुनं वॉशिंग मशीन, होडीचं जुनं इंजिन, अशा खरेदीची पत्रं माझ्याकडे सतत येतात. प्रत्येकात विक्रेता कसा खोटं बोलला याचं पानभर वर्णन असतं, पण वस्तू हातात कधी आली आणि पहिली तक्रार लेखी कधी केली, या दोन तारखा नसतात. तुम्ही त्या दिल्यात, म्हणून तुम्हाला नेमकं उत्तर देता येतं. १४ मार्च ते ९ जून हे ८७ दिवस खोकं बंद होतं. विक्रेत्याला कळवलंत ९९व्या दिवशी. तुमचं निम्मं प्रकरण त्या ९९ दिवसांत गेलं.

गोव्यात अजून कोणी ना कोणी विचारतं म्हणून सांगतो : अशा व्यवहाराला पोर्तुगीज नागरी संहिता लागत नाही. वारसा आणि कुटुंबाच्या बाबतीत ती चालते. बसस्टँडवर घेतलेल्या लाईटला १९३० चा माल विक्री कायदाच लागतो.

त्या कायद्याचं ४२वं कलम वाचा. माल स्वीकारला असं कायदा तीन प्रकारे धरतो. तुम्ही तसं सांगितलंत तर, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही त्या मालाचं केलंत तर, किंवा नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतलात तर. आणि एकदा स्वीकारला की १३व्या कलमाप्रमाणे माल परत करून सगळे पैसे मागण्याचा हक्क साधारणपणे संपतो. उरतो तो फक्त नुकसानभरपाईचा, म्हणजे सांगितलं तसा लाईट असता तर त्याची किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेल्याची किंमत यांतला फरक.

४१वं कलम तुमच्या थोडं बाजूने आहे. तपासण्याची वाजवी संधी मिळाल्याशिवाय स्वीकार झाला असं धरता येत नाही. शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत, बसस्टँडवर, प्लग नसताना ती संधी नव्हती हे कोणताही न्यायाधीश मान्य करील. पण त्याच संध्याकाळी घरी ती होती. दुसऱ्या दिवशी होती, तिसऱ्या दिवशीही होती.

तुम्ही लिहिता की टाकी ‘सायकल’ होत होती. मला ते कळतं. पाण्यातला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे जातात, त्याआधी प्रवाळ टाकले तर मरतात. पण लाईट तपासायला पाणी कशाला हवं होतं? रिकाम्या खोलीत, खाटेवर उलटा ठेवून, एकेक चॅनल शंभर टक्क्यांवर नेऊन अर्धा तास चालवला असता, पंखा फिरतो का ऐकलं असतं, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला असता, तर १४ मार्चच्या रात्रीच दोन मेलेले चॅनल दिसले असते. कायदा जी वाजवी मुदत देतो ती माल तपासायला देतो. तुम्हाला तो वापरायची वेळ येईपर्यंत ती थांबत नाही. सायकलचे सहा आठवडे पूर्ण धरले तरी एप्रिलअखेर येते, जून येत नाही. विक्रेत्याचा वकील एवढंच विचारील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

वाजवी मुदत किती, हा त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे असं ६३वं कलम म्हणतं, त्यामुळे अमुक दिवस असा आकडा मी देणार नाही. पण पावसाळा तोंडावर असताना, समुद्राजवळच्या दमट हवेत, विजेवर चालणारी जुनी वस्तू ८७ दिवस बंद खोक्यात ठेवली, हे कोणालाही वाजवी वाटेल अशी आशा धरू नका.

शिवाय पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की टांगण्यासाठी लाईटच्या चौकटीला चार भोकं पाडली. तोच दुसरा प्रकार, मालकीशी विसंगत कृती. त्यावर इलेक्ट्रिशियनकडून तो उघडवलात. आता चॅनल आधीपासून बंद होते की उघडताना गेले, की जूनमधल्या एखाद्या विजेच्या झटक्याने, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. दोष दिसल्यावर पहिलं काम विक्रेत्याला लेखी कळवणं. दुरुस्ती त्यानंतर. हा क्रम चुकल्याने किती चांगले दावे बुडालेले मी पाहिलेत, आणि दर वेळी तितकाच जीव हळहळतो.

म्हणून बंद चॅनलच्या मुद्द्यावर पूर्ण ३८,००० परत मागणं सोडून द्या.

तुमचा बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि तुम्ही तो पत्रात ओझरता लिहिलात. ‘फक्त आठ महिने वापरलेला’ हे त्याने लेखी दिलेलं वर्णन आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे ही १५व्या कलमातली गर्भित शर्त, म्हणजे न लिहिताही करारात धरली जाणारी अट, आणि ती खासगी विक्रेत्यालाही लागते. (१६व्या कलमातल्या दर्जाच्या शर्ती मुख्यतः धंदा करणाऱ्याला लागतात, त्यामुळे तिकडे जाऊ नका.) खोकं पहिल्या रात्री उघडलं असतं तरी लाईटचं वय डोळ्यांना दिसलं नसतं. त्यामुळे इथे तुमच्या ८७ दिवसांचा आक्षेप बोथट होतो. माहीत असून खोटं सांगितलं असेल तर करार कायद्याचं १७वं कलम, म्हणजे कपट, हाताशी येतं.

पण इथेही घाई नको. पाच वर्षांपूर्वी बनला म्हणजे पाच वर्षं वापरला असं होत नाही. चार वर्षं गोदामात पडून होता, मी परदेशात बंदरावर नवा घेतला, असं तो म्हणू शकतो. तेव्हा वापर सिद्ध करा. आठ महिने, रोज दहा तास धरले तर सुमारे २,४०० तास होतात. चांगल्या एलईडीचा प्रकाश सत्तर टक्क्यांवर यायला साधारण ५०,००० तास धरले जातात, त्यामुळे २,४०० तासांत प्रकाश फारसा उतरायला नको. चालू असलेल्या चॅनलचं ‘पार’ (PAR) मीटरने, म्हणजे प्रवाळांच्या उपयोगाचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने, मोजमाप करून घ्या आणि कंपनीने छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. पंख्याच्या पात्यांवर, स्क्रूंवर, भिंगांच्या कडांना साचलेलं मीठ आणि गंज यांचे फोटो काढा. त्याने विकताना पाठवलेल्या फोटोंत, किंवा त्याच्या टाकीच्या जुन्या फोटोंत हाच लाईट दिसतो का तपासा. तीन वर्षांपूर्वीचा एक फोटो सापडला तर बाकी सगळ्या वादापेक्षा तो जड आहे. आणि मूळ खरेदीची पावती दाखव, असं त्याला नोटिशीत स्पष्ट विचारा. पावती नाही म्हणाला किंवा गप्प बसला, तर ते तुमच्या उपयोगी पडेल.

तुम्ही पाठवलेला व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट एकटा पुरणार नाही. मूळ संभाषण त्याच फोनमध्ये राहू द्या, आपोआप पुसले जाणारे संदेश बंद करा, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा. दिवाणी न्यायालयात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागेल. फोन विकू नका, बदलू नका.

कुठे जायचं? पोलिसांत गेलात तर ‘हा दिवाणी मामला’ असं ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी व्यवहाराच्या क्षणीच लबाडीचा हेतू होता हे दाखवावं लागतं. वयाचा पुरावा भक्कम झाला तर बघू. ग्राहक आयोगाचं आकर्षण मी समजतो : तुम्ही राहता तिथे, म्हणजे उत्तर गोव्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण घरातली एक वस्तू विकणारा माणूस ‘व्यापारी’ ठरेल का, यावर वाद होईल. तो दर खेपेला परदेशातून दोन-चार लाईट, पंप आणून विकत असेल, तसं दाखवता येत असेल, तर दार उघडतं. नसेल तर तुमचा वेळ पहिल्याच आक्षेपात जाईल. तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल असं २०१९ चा कायदा म्हणतो. तो आकडा कायद्यात आहे, त्याच्या भरवशावर बेत आखू नका. दिवाणी दाव्याला तीन वर्षं आहेत, पण दहा-पंधरा हजारांच्या फरकासाठी म्हापशाच्या न्यायालयात तारखा घेत बसणं तुम्हाला परवडणार नाही, आणि न्यायालयाच्या संथपणामुळे खऱ्या माणसाला असा सल्ला द्यावा लागतो याचा मला मनापासून राग येतो.

आता प्रवाळांचं. तक्रारीच्या मसुद्यातला हा परिच्छेद तुम्ही कोणाला पाठवला नसेल तर थांबा. पाठवला असेल तर आजच वकिलाला प्रत्यक्ष भेटा. ॲक्रोपोरा आणि हॅमर हे दोन्ही पाषाणी प्रवाळ. सगळे पाषाणी प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद आहे आणि ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. परदेशात वाढवलेले, परवान्याने आलेले प्रवाळ असतील तर त्यांची बाजू वेगळी, पण त्यासाठी आयातीचे कागद हवेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणीही हवी. त्याचे नियम २०२४ मध्ये आले, नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. तुमच्याकडे दुकानदाराची साधी पावती तरी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आणि तुम्ही ६०,००० रुपयांसाठी प्रतिज्ञापत्रावर लिहून देणार होता की हे प्राणी माझ्या ताब्यात होते!

कागद असोत वा नसोत, ती रक्कम मिळणंही अवघड आहे. दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई करार कायद्याचं ७३वं कलम देत नाही. दोन चॅनल बंद आहेत हे ९ जूनला दिसल्यावरही तुम्ही त्याच लाईटखाली प्रवाळ ठेवलेत. उलटतपासणीत टाकीचं तापमान, क्षारता, वीज गेली त्या दिवसांची नोंद, सगळं मागितलं जाईल. पण खरं कारण पहिलंच आहे. टाकीत अजून जिवंत पाषाणी प्रवाळ असतील तर त्यांच्या कागदांचा प्रश्न लाईटच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा आहे. तो पत्रातून सुटणार नाही, पण तो टाळूही नका. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रांदे बेटाच्या बाजूने कोणी बुड्या मारून आणलेला खडक किंवा प्रवाळ देऊ केला तर हातसुद्धा लावू नका. तिथले प्रवाळ आधीच थोडे आहेत.

मनस्तापाचे १ लाख खोडून टाका. ३८,००० च्या व्यवहारात तो आकडा तुमच्या खऱ्या मागणीचं वजन कमी करतो.

मग करायचं काय? एक पानाची नोटीस. त्यात १४ मार्चचा व्यवहार, त्याचे ‘आठ महिने’ हे शब्द जसेच्या तसे, कंपनीचं उत्तर, मूळ पावतीची मागणी आणि किमतीतल्या फरकाची मागणी. तेवढ्या वयाच्या लाईटला आज बाजारात काय येतं याचे दोन-तीन भाव जमवा, ते ३८,००० मधून वजा करा, तीच मागणी. १५ दिवसांची मुदत द्या. स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी, त्याच्या वास्कोच्या घरच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता नसेल तर आधी तो मिळवा, यूपीआयवरच्या नावाने नोटीस बजावता येत नाही.

त्याचबरोबर तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करा. दोघांना समोर बसवून तडजोड झाली आणि लोकअदालतीत तिचा निवाडा झाला तर त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं, आणि त्यासाठी न्यायालयीन शुल्क पडत नाही. घरी आलेला तारवटी बोटीवर चढण्याआधी भानगडी मिटवून जाऊ पाहतो, हा माझा अनुभव आहे. बोटीवर गेला की पुढचे कितीतरी महिने नोटीस ‘घरी नाही’ म्हणून परत येत राहील.

तेव्हा नोटीस या आठवड्यात गेली पाहिजे. घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली जाण्याआधी ती त्याच्या हातात पडू दे. तोवर लाईट पुन्हा उघडू नका, पाडलेली भोकं बुजवू नका, मीठ पुसू नका. तो आज जसा आहे तसाच खोक्यात ठेवा, आणि खोक्यावर तारीख घाला.