‘डिलीट’ दाबायची भीती

प्रश्न : मॅडम, आमच्या पतसंस्थेत एकाच सर्व्हरवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय हे सॉफ्टवेअर टाकून चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरमधले चार वेगळे संगणक, चालवतो. ठेवी-कर्जाच्या मशीनचा मार्चअखेरीस स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची खूण, घेतला होता. परवा डेटास्टोअर (सगळ्या मशीनच्या फाइली ठेवायची जागा) भरला आणि ते मशीन मध्येच थांबलं. एकजण म्हणतो स्नॅपशॉट डिलीट करा, दुसरा म्हणतो तोच तर आपला बॅकअप आहे. काय करू?
— एक लेखनिक, कराड

उत्तर : आधी ‘रिव्हर्ट’ला कुणाला हात लावू देऊ नका. ते दाबलं की मशीन थेट मार्चअखेरीला जाऊन बसेल, त्यानंतरच्या पावत्या गेल्याच.

तुम्ही पतसंस्थेतले, म्हणून वहीच्या भाषेत सांगते. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी मूळ डिस्कची फाइल, म्हणजे तुमची खतावणी, बंद झाली. तेव्हापासून प्रत्येक नोंद शेजारच्या कच्च्या वहीत, डेल्टा फाइलमध्ये चालली आहे. ही वही फुगत फुगत मूळ डिस्कएवढी होऊ शकते : ३०० जीबीच्या डिस्कमागे आणखी ३०० जीबी! शिवाय खतावणीच गेली तर नुसत्या कच्च्या वहीवरून ताळेबंद लागत नाही, आणि तुमच्या दोन्ही वह्या एकाच कपाटात. मग हा बॅकअप कसला?

‘डिलीट’ हा शब्दच चुकीचा निवडलाय, असं माझं जुनं मत आहे. स्नॅपशॉट मॅनेजरमधलं डिलीट नोंदी पुसत नाही. त्या खतावणीत उतरवतं आणि मग कच्ची वही टाकून देतं. तुम्हाला तेच हवंय. मात्र डेटास्टोअर ब्राउझरमध्ये शिरून ०००००१ असं शेपूट असलेली फाइल हाताने उडवू नका. तसं केलेल्या लोकांचे रडवेले फोन मी घेतलेत.

उतरवायलाही थोडी मोकळी जागा लागते. चारपैकी बिनमहत्त्वाचं मशीन रीतसर शटडाउन करा. चालू मशीनची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायला राखून ठेवलेली फाइल, सहसा त्याच्या रॅमएवढी असते. १६ जीबी रॅमचं मशीन बंद केलं की तेवढी जागा सुटते. सॉफ्टवेअर बसवायच्या जुन्या आयएसओ फाइली असतील तर त्याही हलवा. थांबलेलं मशीन चालू झालं की पहिल्यांदा डेटाबेसचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग शाखा बंद झाल्यावर डिलीट. टक्का ९९ वर अडकलेला दिसेल, तरी सर्व्हर बंद करायचा नाही.

चाकणच्या एका कारखान्यात दिवाळीच्या सुट्टीत मीच घेतलेला स्नॅपशॉट मला गुढीपाडव्याला सापडला होता. रात्री दहाला डिलीट सुरू केलं. सकाळच्या पाळीची माणसं आत येत होती, तेव्हाही मी सर्व्हर रूममध्ये शाल पांघरून टक्के मोजत होते. व्हीएमवेअरचंच सांगणं आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. त्या रात्रीपासून मी स्नॅपशॉटच्या नावातच काढायची तारीख लिहिते, आणि घेणाऱ्याचं नावसुद्धा.