न्वारपट म्हणावे, कृष्णपट नको

एका संग्राहक वाचकाने प्रश्न विचारला आहे. १९४० आणि १९५०च्या दशकांतले अमेरिकी 'फिल्म न्वार', म्हणजे गुन्हा आणि निराशेच्या सावटातले चित्रपट, ते डीव्हीडी आणि ब्लू-रेवर जमवतात. आता संग्रहाची सूची मराठीत करायला घेतली आहे आणि तीन जागी अडले आहे. उच्चार 'नॉयर' की 'न्वार'? या प्रकाराला 'कृष्णपट' म्हटले तर चालेल का? आणि वेष्टनावर 'रिस्टोअर्ड', 'रीमास्टर्ड', 'डायरेक्टर्स कट' असे जे छापलेले असते, त्याला मराठीत काय लिहावे?

उच्चाराचा प्रश्न सोपा आहे. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'काळा', आणि मूळ उच्चार 'न्वार'च्या अगदी जवळचा. 'नॉयर' हे रोमन अक्षरे डोळ्यांनी वाचून तयार झालेले रूप आहे. अन्वय, मन्वंतर, धन्वंतरी हे शब्द ज्या भाषेत सहज उच्चारले जातात तिला 'न्व' जड जाण्याचे कारण नाही. वृत्तपत्रांत 'नॉयर'ही दिसते, म्हणून सूचीत त्या अक्षराखाली 'न्वार पाहा' एवढी नोंद ठेवा.

'कृष्णपट' मात्र घेऊ नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मराठी वाचकाला त्या शब्दात आधी श्रीकृष्ण दिसेल. त्यात त्याची चूक नाही: दादासाहेब फाळक्यांचे 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) ज्या भाषेच्या चित्रपट-इतिहासात पहिल्याच पानांवर आहेत, तिथे कृष्णपट म्हणजे पौराणिक चित्रपटच. तो अर्थ टाळला तरी दुसरी अडचण उभी राहते. 'कृष्ण' म्हटले की 'कृष्णधवल' आठवते, आणि हे चित्रपट रंगहीन असतात म्हणून त्यांना हे नाव पडले असा समज होतो. १९४५चा 'लीव्ह हर टू हेवन' झगझगीत टेक्निकलरमध्ये आहे, १९५३चा 'नायगारा'ही रंगीत आहे, आणि दोन्ही या प्रकारात धरले जातात. काळेपणा फिल्मच्या रंगाचा नाही. माणसाची हाव, पूर्वी केलेल्या गोष्टींनी आवळलेला फास आणि सुटकेची वाट नसणे, हा तो काळेपणा आहे.

मग 'रहस्यपट'? तोही नाही. १९४४च्या 'डबल इन्डेम्निटी'त विमा कंपनीतला माणूस सुरुवातीलाच सांगून टाकतो की खून मी केला, पैशासाठी आणि एका स्त्रीसाठी केला, आणि दोन्ही मिळाले नाही. रहस्य उरलेच नाही, तरीही पुढे दीड तास आपण खिळून बसतो. 'गुन्हेपट'ही पुरत नाही. १९४९चा 'द सेट-अप' ही उतरणीला लागलेल्या मुष्टियोद्ध्याची एका रात्रीची गोष्ट आहे.

भाषांतर नको म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. 'फिल्म न्वार' हे नाव या चित्रपटांना त्यांच्या निर्मात्यांनी दिलेलेच नाही. हॉलिवूडमध्ये त्या काळी त्यांना मेलोड्रामा किंवा थ्रिलर म्हणत. जर्मनांच्या ताब्यात असताना पॅरिसमध्ये अमेरिकी चित्रपट येणे थांबले होते. युद्ध संपल्यावर, १९४६च्या उन्हाळ्यात, 'द मॉल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'डबल इन्डेम्निटी', 'मर्डर, माय स्वीट' हे काही आठवड्यांच्या अंतराने तिथे एकदम झळकले. वर्षावर्षाने पाहणाऱ्याला जे जाणवले नसते ते एकत्र पाहणाऱ्याला जाणवले. समीक्षक नीनो फ्रांक यांनी त्याच ऑगस्टमध्ये या चित्रपटांना 'न्वार' म्हटले. गालिमार प्रकाशनाची 'सेरी न्वार' ही गुन्हेगारी कादंबऱ्यांची माला १९४५मध्ये सुरू झालेली होती, त्यामुळे शब्द वाचकांच्या ओळखीचा होता. महायुद्धाआधी फ्रेंच वृत्तपत्रे हाच शब्द स्वतःच्या काही निराश चित्रपटांना दूषण म्हणूनही वापरत. फ्रेंच समीक्षक बोर्द आणि शोमतों यांनी १९५५मध्ये अमेरिकी न्वारवर ग्रंथ लिहिला आणि नाव पक्के झाले. इंग्रजीने ते फ्रेंचमधून जसेच्या तसे उचलले, भाषांतर केले नाही. ज्या देशाचे चित्रपट त्या देशालाच हे नाव परके असेल, तर आपण ते मराठीकरणाने झाकून टाकू नये. शब्दातच त्याचा इतिहास आहे.

मात्र परका शब्द घेतला तरी त्याला मराठीत वावरता आले पाहिजे. आपल्याकडे बोलपट, मूकपट, चरित्रपट, भयपट, युद्धपट, अनुबोधपट असे 'पट'चे मोठे कुटुंब आहे. त्यात 'न्वारपट' सहज बसतो. तो पुल्लिंगी, आणि 'न्वारपटांचा', 'न्वारपटात' अशी रूपे आपोआप होतात. शैलीविषयी बोलताना नुसते 'न्वार', एका चित्रपटाविषयी बोलताना 'न्वारपट', एवढा भेद पाळला की पुरे. आपल्या मुंबईत तयार झालेले 'बाजी' (१९५१) किंवा 'सीआयडी' (१९५६) संग्रहात असतील तर त्यांच्यापुढे मी 'न्वारच्या छायेतला' असे लिहीन. त्यांत गाणी आहेत आणि नायकाला सुटकाही आहे.

एक गोष्ट सूचिकाराने लक्षात ठेवावी. 'न्वार'चा अर्थ समीक्षकांइतकाच वेष्टनांनीही ताणला आहे. वॉर्नर या हॉलिवूड स्टुडिओने २००४मध्ये पाच चित्रपटांचा पहिला न्वार संच काढला. 'आउट ऑफ द पास्ट', 'गन क्रेझी', 'द अस्फाल्ट जंगल' असे त्यातले चित्रपट निर्विवाद होते. २००५पासून फॉक्स स्टुडिओने आपली न्वारमाला सुरू केली, आणि पुढे तिच्यात 'डेझी केन्यन' (१९४७) आला. तो एक स्त्री आणि दोन पुरुष यांची प्रौढ, सुंदर प्रेमकथा आहे. छायाप्रकाश न्वारसारखा आहे, गोष्ट नाही. वेष्टनावर न्वार छापले आहे म्हणून तुमच्या सूचीतही तेच यावे असे नाही.

आता तिसरा प्रश्न. इथे उसना शब्द घेण्याची गरज नाही, कारण मराठीकडे नेमके शब्द आधीपासून आहेत.

'कट' किंवा 'व्हर्जन' यांना 'पाठ' म्हणा. पोथ्यांच्या अभ्यासातला हा शब्द इथे तंतोतंत लागू पडतो. 'द बिग स्लीप'चे दोन पाठ आहेत: १९४५मध्ये परदेशातल्या अमेरिकी सैनिकांना दाखवलेला, आणि नायिका लॉरेन बकॉलची दृश्ये वाढवून १९४६मध्ये प्रदर्शित झालेला. दोन्ही डीव्हीडीवर मिळतात, आणि शेजारी ठेवून पाहिले की पाठभेद म्हणजे काय ते कळते. 'टच ऑफ ईव्हल'चे तीन: १९५८चा प्रदर्शित पाठ, १९७०च्या दशकात सापडलेला त्याहून लांब पाठ, आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्च यांनी १९९८मध्ये जुळवलेला पाठ. या तिसऱ्याला 'दिग्दर्शकाचा पाठ' म्हणू नये, कारण वेल्स १९८५मध्येच वारले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यातली संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी नाही. १९९८चा 'टच ऑफ ईव्हल'ही १९५८मध्ये कोणी पाहिलेला नव्हता. म्हणून 'टिपणानुसार सिद्ध केलेला पाठ' असे लिहा. बाजारात आलेल्या डिस्कला 'आवृत्ती' म्हणा. एकाच पाठाच्या अनेक आवृत्त्या असू शकतात, आणि तुमच्या कपाटातली ती 'प्रत'.

'रिस्टोअर्ड'साठी 'जीर्णोद्धार'. हा शब्द देवळापुरता ठेवण्याचे कारण नाही. जुने चित्रपट जिच्यावर असत ती नायट्रेट फिल्म खरोखरच जीर्ण होते, आक्रसते, तिची भुकटी होते. जीर्णोद्धारात निरनिराळ्या ठिकाणच्या प्रती शोधून, फ्रेमा जुळवून, ओरखडे काढून चित्रपट पुन्हा उभा केला जातो. 'रीमास्टर्ड'चा अर्थ इतका मोठा नाही. हाताशी असलेल्या फिल्मवरून किंवा आधीच्या मुद्रणावरून नवी मूळप्रत काढली, एवढाच. त्याला 'नवी मूळप्रत' म्हणा. दोहोंना 'पुनर्संचयित' म्हणून एकाच दावणीला बांधू नका; संग्राहक ज्यासाठी दुप्पट पैसे मोजतो तो फरकच पुसला जाईल.

'डिटूर' (१९४५) पाहा. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार २८ वर्षांनंतर स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे. ते न झालेले बरेच चित्रपट हक्कमुक्त झाले, त्यांत हाही होता. 'पब्लिक डोमेन'ला मी 'हक्कमुक्त' म्हणतो. 'सार्वजनिक अधिकारक्षेत्र' वाचून काहीच बोध होत नाही. हक्कमुक्त म्हणून कोणीही कुठल्याही धूसर प्रतीवरून त्याची डिस्क काढून स्वस्तात विकली, आणि अनेक वर्षे लोकांनी हा चित्रपट धुक्यातून पाहावा तसा पाहिला. २०१८मध्ये अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशन या अमेरिकी संस्थांनी ब्रुसेल्स, पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या साहाय्याने त्याचा जीर्णोद्धार केला, आणि २०१९मध्ये क्रायटेरियन या डिस्क-प्रकाशकाने तो ब्लू-रेवर आणला. या प्रतीत रात्रीचा रस्ता, गाडीच्या काचेवरचा पाऊस, ॲन सॅव्हेजच्या चेहऱ्यावरचा राग स्वच्छ दिसतो.

तेव्हा सूचीत नोंद अशी करता येईल: 'डिटूर', १९४५, न्वारपट, हक्कमुक्त, जीर्णोद्धार २०१८, ब्लू-रे आवृत्ती २०१९, क्षेत्र ए. हे शेवटचे 'क्षेत्र' म्हणजे 'रीजन', डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याची खूण, आणि ते लिहायला विसरू नका. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए'मध्ये येते, भारत 'सी'मध्ये. डीव्हीडीला अमेरिका १, भारत ५. सर्व क्षेत्रांचा प्लेअर नसेल तर अमेरिकेहून मागवलेली, तिथल्याच क्षेत्रापुरती असलेली डिस्क इथे चालत नाही, आणि तुमच्याकडून ती पाहायला नेणाऱ्या मित्राला हे सूचीतूनच कळले पाहिजे.