कोलीची जोडी घेऊ का?

प्रश्न : ताई, आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. क्रफ्ट्स हा कुत्र्यांचा शो पाहिल्यापासून रफ कोली या लांब केसांच्या जातीचं वेड लागलंय. ब्लू मर्ल (निळसर-राखाडी, ठिपकेदार रंगाचे) नर-मादी घेऊन पैदास आणि शो एकदमच सुरू करावं का?

उत्तर : जोडी नको, आणि दोन्ही मर्ल तर मुळीच नको. मर्ल-मर्ल संबंधातून साधारण चारातलं एक पिल्लू दुहेरी मर्ल निघतं, म्हणजे आईबाप दोघांकडून मर्लचं जनुक घेतं. ते बहिरं, आंधळं असू शकतं. एकच चांगली मादी घ्या. आईबापांच्या कोली आय अ‍ॅनॉमली (डोळ्यांचा आनुवंशिक दोष) आणि एमडीआर-१ (काही औषधं न सोसण्याचा जनुकीय दोष) तपासण्यांचे कागद स्वतः वाचा. माझ्या पहिल्या मादीच्या वेळी मी विकणाऱ्याच्या शब्दावर गेले. पुढे तिच्या तीन पिल्लांच्या डोळ्यांत दोष निघाला. ते आजही सलतं. पिल्लांचे डोळे सहा-सात आठवड्यांतच तज्ज्ञाकडून तपासायचे, कारण सौम्य दोष नंतर झाकला जातो. एमडीआर-१ दोष असलेल्या कोलीला आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचा मोठा डोस जिवावर बेतू शकतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा. शो पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर. तोवर रिंगक्राफ्टच्या, म्हणजे कुत्र्याला शोसाठी तयार करण्याच्या वर्गाला जा, अनुभवी लोकांच्या कोलींचे केस विंचरू लागा. हात तिथेच बसतो.