वाचकांचे प्रश्न : कुठली नशा एकदम सोडावी, कुठली नाही

श्रावण जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत 'सोडणं' हाच विषय असतो. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : नवरा रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेतो, सुट्टीला दोन. दर वर्षी गटारी झाली की श्रावणभर शिवत नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी अंगावर किडे चालतात म्हणायला लागला, रात्रभर भिंतीशी बोलत होता. सासूबाईंनी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला. शेवटी दिराने दारू आणून दिली तेव्हा शांत झाला. यंदा काय करू? (एक भगिनी, फलटण)

उत्तर : ताई, ती बाधा नव्हती. रोजची दारू अचानक तुटल्यावर मेंदूचा जो तोल जातो, त्याचं हे टोकाचं रूप. दारू मेंदूचा ब्रेक दाबते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला राहिला की मेंदू गाडी चालू ठेवायला ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. श्रावणाच्या पहिल्या दिवशी ब्रेकवरचा पाय निघतो, ॲक्सिलरेटर मात्र तसाच राहतो.

याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप न येणं. सहा ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भास, दिवस-रात्र न कळणं, ताप, नाडी धावणं. तुमचा तिसरा दिवस तो हाच. यात जीव जाऊ शकतो. दारू दिल्यावर तो शांत झाला, कारण ब्रेक पुन्हा दाबला गेला. त्याला उपचार म्हणता येत नाही. आणि 'एकच क्वार्टर' हा शब्द फसवा आहे. १८० मिली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असेल तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं.

एकदा भास झालेल्या माणसाने पुन्हा घरी बसून सोडू नये. श्रावणाच्या आठवडाभर आधीच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात जा आणि तीन गोष्टी न लाजता सांगा : रोजचं माप, शेवटचा घोट कधी घेतला, गेल्या वर्षी काय झालं. ते दाखल करून घेतील. पाच-सात दिवस डायझेपामसारखं औषध देऊन ते हळूहळू उतरवतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम देतात.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. गावात अशक्तपणा म्हटलं की ग्लुकोजची सलाईन लावतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व आधीच तळाला गेलेलं असतं, आणि साखर जाळताना उरलंसुरलंही संपतं. मग नजर थरथरते, चाल झोकांड्या खाते, स्मरणशक्ती जाते, कधी कायमची. म्हणून 'हे रोज पितात, आधी बी-१ द्या' हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली कापड ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही, फक्त वेळ जातो. दारू तुटल्यावर येणारी फिट थांबली तरी दवाखाना गाठायचाच. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लगेच दुसरी आली तर तडक १०८ ला फोन.

प्रश्न : 'न सांगता दारू सोडवा' अशी पावडर मिळते. भाजीत कालवून द्यायची असते. देऊन बघू का? (नांदेड)

उत्तर : नाही. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा शंका डायसल्फिरामची असते. हे खरं औषध आहे, पण ते घेऊन वर दारू प्यायल्यावर दहा-तीस मिनिटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस यात दगावू शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो, आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध किंवा टॉनिकही चालत नाही. म्हणून डॉक्टर ते माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. ज्याला माहीतच नाही, तो पिणं टाळणार कसं?

प्रश्न : शाळेत व्यसनांवर बोलायचं आहे. तंबाखू, दारू, गांजा, ड्रग्ज असे चार प्रकार सांगू का? (शिक्षक, बार्शी)

उत्तर : 'ड्रग्ज' हा प्रकार नव्हे, पोतं आहे. गर्द (म्हणजे हेरॉइन) आणि एमडी (म्हणजे मेफेड्रोन) दोन्ही त्यात कोंबली जातात, आणि शरीरात दोघांचं काम अगदी उलट चालतं. पदार्थ मेंदूचं काय करतो यावरून वर्ग पाडा. मंदावणारे : दारू, झोपेच्या गोळ्या. मंदावतात आणि वेदनाही मारतात ते अफूचं कुटुंब : गर्द, कोडीनचं कफ सिरप, ट्रामाडॉल. पिटाळणारे : तंबाखूतलं निकोटीन, कोकेन, एमडी. भास घडवणारे : एलएसडी. गांजा, चरस, भांग एका खणात बसत नाहीत. थोडं मंदावतात, थोडं भासवतात. कमी वयात रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो. भांग खाल्ल्यावर चढायला अर्धा ते दोन तास लागतात. 'काहीच होईना' म्हणून होळीला दुसरा ग्लास घेणारे तिथेच फसतात.

पण तुमच्या वर्गात याहून जवळचा पदार्थ म्हणजे व्हाइटनर, थिनर आणि पंक्चरचं सोल्युशन. रुमालाला केमिकलचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, दप्तरात रिकाम्या ट्यूब दिसल्या तर सावध व्हा. या वाफांनी हृदय इतकं चिडखोर होतं की पहिल्याच वेळी ते बंद पडू शकतं, आणि दचकणं किंवा पळणं एवढंही निमित्त पुरतं. म्हणून मूल हुंगताना सापडलं तर ओरडून अंगावर जाऊ नका, पाठलाग करू नका. शांतपणे मोकळ्या हवेत न्या, बसवा. आणि सोल्युशन विकणाऱ्या दुकानदाराला हेही सांगा की बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

प्रश्न : सासूबाई सहा वर्षं अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम ही झोपेची गोळी घेतात. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय देणं बंद केलं. सवय तुटेल म्हणून आम्हीही आणल्या नाहीत. दोन रात्री त्या जाग्या आहेत, हात कापतात. (डोंबिवली)

उत्तर : मेडिकलवाल्याचं बरोबर आहे, तुमचं चुकलं. गोळी आजच डॉक्टरांकडून लिहून घेऊन पुन्हा सुरू करा. ही गोळी दारूचाच ब्रेक दाबते, त्यामुळे एकदम तोडली तर तशीच फिट येऊ शकते. सोडवायची ती पायरीपायरीने : दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या पाच-दहा टक्के कमी. इतकी लहान गोळी तोडणं जमत नसेल तर डॉक्टर जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर नेतात. महिने लागतील, लागू द्या. सोडवायला मात्र हवीच. म्हाताऱ्या माणसांचं रात्री बाथरूमला जाताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं यामागे ही गोळी असू शकते.

प्रश्न : बारावीतल्या मुलाच्या गादीखाली कफ सिरपच्या सहा बाटल्या सापडल्या. लघवी तपासायचं किट आणून गुपचूप तपासू का? (एक आई, मालेगाव)

उत्तर : बाटल्या सापडल्यावर किटने नवीन काय कळणार? किट फसवंही असतं. कोडीन त्यात मॉर्फिनसारखंच दिसतं, खसखस भरपूर खाल्ली तरी रेघ बदलू शकते, आणि साध्या किटमध्ये एमडी बहुधा दिसतच नाही.

त्यापेक्षा लेबल वाचा. ५ मिलीत १० मिलिग्रॅम कोडीन आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन असेल, तर १०० मिलीची बाटली एका दमात पिणं म्हणजे २०० मिलिग्रॅम कोडीन, शिवाय ८० मिलिग्रॅम ॲलर्जीचं औषध. पहिल्याने श्वास मंदावतो, दुसऱ्याने गुंगी आणि धडधड. डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, बद्धकोष्ठ, अंगाला खाज ही खूण. बंद केल्यावर नाक गळतं, जांभया येतात, जुलाब होतात, अंग मोडून येतं. याला व्यसनी मुलं 'टर्की' म्हणतात. दोन-तीन दिवस जोर असतो, आठवडा-दहा दिवसांत ओसरते. ती हालहाल करते, पण पोटात पाणी टिकवलं तर सहसा जीव घेत नाही.

जीव जातो तो पुढे. महिनाभर सोडल्यावर शरीराची सवय उतरलेली असते आणि मुलगा जुन्याच मापाने पितो किंवा गर्द ओढतो. उठवून उठत नाही, श्वास मिनिटाला दहाच्या खाली, ओठ निळे : कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि 'अफूच्या वर्गातलं घेतलंय' असं स्पष्ट सांगा. त्यावर नॅलॉक्सोनचं इंजेक्शन आहे.

प्रश्न : भाऊ एमडी घेतो. दोन-दोन रात्री झोपत नाही, मग दिवसभर पडून असतो. 'पोलिस माझ्या मागे आहेत' म्हणतो. दवाखान्यात नेलं तर खरंच पोलीस केस होईल? (मुंबई)

उत्तर : एमडी म्हणजे मेफेड्रोन, २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं. पोलिसांचा भास हा त्याच्या नशेचाच भाग असू शकतो. पण उपचाराची माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार दवाखान्यावर बंधनकारक आहे. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देतं; उपचार मात्र पूर्ण करावा लागतो.

एमडी एकदम सोडता येते, दारूसारखी त्याची फिट येत नाही. पण पहिले एक-दोन आठवडे मन इतकं खचतं की आत्महत्येचे विचार येतात. त्या दिवसांत एकटं ठेवू नका. आणि नशेत असताना अंग भट्टीसारखं तापलं तर पॅरासिटामॉल देत बसू नका, त्याने हा ताप उतरत नाही. ओल्या फडक्याने पुसत, पंख्याखाली ठेवत रुग्णालय गाठा. व्यसनासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६.

प्रश्न : आई मिश्री लावते. 'ती तर दातांसाठी' म्हणते. नुकसान आहे का? (कराड)

उत्तर : मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दिवसातून चार वेळा लागते आणि न लावल्यास डोकं दुखतं, म्हणजे ती दातांसाठी नाही. आईला आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी घालून बघायला सांगा. जात नसतील किंवा आत पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे न्या. मिश्री एकदम बंद करायला हरकत नाही. चिडचिड आणि डोकेदुखी तीन-चार दिवस जोरात राहील, तलफेची एकेक लाट मात्र पाच मिनिटांत जाते. तेवढ्यापुरती बडीशेप चालेल, सुपारी नको.