रतनवाडीला पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदाच जाताय, तर रतनगड आणि सांदण दरी एका दिवसात उरकू नका. मुक्काम गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीतच करा. गावात घरगुती जेवण मिळतं, फक्त आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. उजाडताच गड चढायला घ्या. सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर खोळंबा होतो, आणि नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, निवांत बसायचं तर गर्दीच्या आधी पोचायला हवं. तिथला वारा अंगावर घ्याच! उतरल्यावर गावातल्या अमृतेश्वर मंदिराच्या कोरीव खांबांना, पुष्करणीला सावकाश वेळ द्या. साम्रद गावाजवळची सांदण दरी पावसाळ्यात पूर्ण टाळा, पाणी अचानक वाढतं. काजवे पाहायचे तर मेअखेर ते पहिला पाऊस. पण कृपा करून झाडांवर बॅटरी मारू नका. तो त्यांचा मिलनाचा काळ असतो.