स्विच नॅनोसेकंदात फिरला, पण लिंक कधी उठली?

ऑप्टिकल स्विचवरच्या, म्हणजे फायबरमधला प्रकाश एका वाटेवरून दुसरीवर वळवणाऱ्या यंत्रावरच्या, सेमिनारसाठी तुम्ही विचारलंय की मेम्स आरशांचा (चिपवरच्या हलणाऱ्या सूक्ष्म आरशांचा) स्विच मिलिसेकंद घेतो, लिथियम नायोबेटचा (विजेने प्रकाश वळवणाऱ्या स्फटिकाचा) नॅनोसेकंदात फिरतो, म्हणजे दहा लाख पट फरक. मग नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांत नोकरीला असलेले सीनियर आरशांचंच कौतुक का करतात?

कारण डेटाशीटवरचा आकडा फक्त स्विचचा असतो. प्रकाश नव्या वाटेला लागल्यावर पलीकडच्या रिसीव्हरला पॉवर जुळवायची असते, क्लॉक (बिटांचा ठेका) पकडायचा असतो. हे होईपर्यंत लिंक मेलेलीच.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी, भर पावसात, ठाणे-बेलापूर रोडला पोकलेनने आमची केबल उचलली. (पावसाळ्यात खोदायची परवानगी कोण देतं, हा वेगळा धागा होईल.) मी रॅकसमोरच उभा होतो. प्रोटेक्शनच्या (केबल तुटल्यावर दुसऱ्या वाटेवर नेणाऱ्या) डब्यातून बारीक ‘टक्’ आवाज आला, ट्रॅफिक दुसऱ्या वाटेवर. यांत्रिक स्विच तो, पण ५० मिलिसेकंदांच्या आत फिरला. लॉगमध्ये तसं दिसलं. तरी कोहेरंट कार्डावरचा (लांब पल्ल्याचा सिग्नल वाचणाऱ्या रिसीव्हरवरचा) लाल दिवा काही सेकंद तसाच! दुसरी वाट ठाण्याकडून वळसा घेऊन येणारी, लांब. तिचं डिस्पर्शन (वाटेत सिग्नल पसरण्याचं प्रमाण) वेगळं, आणि कार्डाने ते पहिल्यापासून मोजायला घेतलं. तिथे नॅनोसेकंदाचा स्विच लावला असता तर ग्राहकाला काय फरक पडला असता? शून्य.

आता आरशांची बाजू. १०० गिगाबिटला १५०० बाइटचं पॅकेट १२० नॅनोसेकंदात जातं. आरसा १० मिलिसेकंद घेत असेल तर तेवढ्यात ८० हजारांवर पॅकेटं निघून जातील. म्हणजे पॅकेट स्विचिंगला आरसा बाद. पण गूगलने डेटा सेंटरांच्या ज्युपिटर नेटवर्कमध्ये १३६ पोर्टांचा आरशांचा स्विच बसवलाय तो पॅकेटांसाठी नाहीच, रॅकांच्या गटांमधली जोडणी अधूनमधून बदलण्यासाठी आहे. शिवाय आरशाला बिटरेटशी देणंघेणं नाही. उद्या ट्रान्सीव्हर (प्रकाश पाठवणारे-घेणारे भाग) बदलले तरी स्विच तोच. लिथियम नायोबेटचे घटक दोन-दोन वाटांचे. ६४ वाटा हव्यात तर किमान सहा टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला थोडा प्रकाश गळतो. एसओए (प्रकाश वाढवणारा सेमीकंडक्टर अॅम्प्लिफायर) गळती भरून काढतो, पण स्वतःचा नॉइज घालतो.

बफरचंही (पॅकेटं थोपवून ठेवायच्या जागेचं) तसंच. प्रकाशासाठी रॅम नाही, फायबरची गुंडाळी आहे. वरचं ते एक पॅकेट थोपवायला साधारण २४ मीटर फायबर लागतं. हजार पॅकेटांना २४ किलोमीटर, म्हणजे जवळपास ठाणे ते बेलापूर! ऑप्टिकल पॅकेट स्विचिंग इतकी वर्षं प्रयोगशाळेत अडकलं त्यामागे हे मोठं कारण.

नॅनोसेकंदांचा खेळ प्रत्यक्षात बघायचा असेल तर घरच्या फायबरच्या डब्याकडे बघा. जीपॉनमध्ये (घरोघरच्या फायबरच्या मानकात) अपस्ट्रीम, म्हणजे घरांकडून कंपनीकडे, १.२४४ गिगाबिटला एकाच फायबरवर सगळी घरं पाळीपाळीने बोलतात. लेझर चालू-बंद व्हायला १६ बिटांची मुभा, म्हणजे जेमतेम १३ नॅनोसेकंद. स्विच कुठेच नाही. खरी कसरत ओएलटीच्या (कंपनीकडच्या टोकाच्या यंत्राच्या) रिसीव्हरची. शेजारच्या सोसायटीचा सिग्नल दणदणीत, पुढचा २० किलोमीटरवरून आलेला मिणमिणता, आणि दोन्ही लागोपाठ वाचायचे.

म्हणून स्विचच्या प्रकारांचा तक्ता करत बसू नका, तो प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी करतंच. मायक्रोसॉफ्टचं २०२० मधलं सिरियस हे प्रायोगिक नेटवर्क घ्या. त्यात लेझरचा रंग बदलतो आणि निष्क्रिय ग्रेटिंग रंगानुसार वाट देतं. सगळा बदल ४ नॅनोसेकंदांच्या आत. लोक लेझरचं कौतुक करतात. मला त्यातलं फेज कॅशिंग जास्त आवडतं. रिसीव्हर प्रत्येक पाठवणाऱ्याचा मागचा फेज (क्लॉकच्या ठेक्यातली जागा) लक्षात ठेवतो, त्यामुळे क्लॉक नव्याने शोधावा लागत नाही. स्लाइडवर लेझर, ग्रेटिंग, रिसीव्हर असे वेळ वेगवेगळे मांडा. बेरीज करताना अडलात तर इथेच विचारा, रात्री दहानंतर मी असतो.