उन्हाळ्याच्या सुट्टीत आई-वडिलांसोबत बसून सलग बघता येतील अशा वेब सिरीज कोणत्या?

तुम्ही 'आई-वडिलांसोबत' असं लिहिलंय, म्हणून मुद्दाम उत्तर देतोय. एकट्यानं बघायच्या याद्या कुठंही मिळतात. आमच्या घरी हॉल एक, कूलर एक आणि टीव्हीही एकच. मे महिन्यात सोलापुरात दुपारी कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. मग आई, अण्णा, मी, बायको आणि नववीतली मुलगी, सगळे त्याच खोलीत. पाचही जणांना चालेल असं शोधता शोधता जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात सोनी लिव्हवरच्या 'गुल्लक'नं करा. 2019 ते 2024 मध्ये आलेले चार सीझन, प्रत्येकी 5 भाग, भाग साधारण अर्ध्या तासाचा. मिश्रांचं मध्यमवर्गीय घर, वडील वीज खात्यात, दोन मुलगे, आणि गोष्ट सांगतो तो घरातला मातीचा गल्ला. आईचं काम आपल्या गीतांजली कुलकर्णींनी केलंय. पैशावरून कुरबुर करता करता ती बाई पोळी वाढते, ते बघून माझी आई म्हणाली, "ही आपल्याच गल्लीतली वाटते की!" अण्णा यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग चालते ठेवणारे. बोलणं मोजकंच. पण एका रात्री टीव्ही बंद केल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, की माझ्या डिप्लोमाच्या फीसाठी त्यांनी मालकाकडून उचल घेतली होती आणि ती दोन वर्षं पगारातून कापली जायची. इतकी वर्षं मला याचा पत्ता नव्हता. 'गुल्लक'वर माझा जीव आहे तो त्या रात्रीमुळे.

नंतर प्राइमवर 'पंचायत'. एकदोन शिव्या येतील, पण आमच्याकडं कुणी मनावर घेतल्या नाहीत. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग मात्र निवांत वेळ काढून बघा, मध्ये जेवायला उठू नका. काय होतं ते सांगणार नाही. आमच्या शेजारच्या अव्वांच्या (आजींच्या) घरी तेलुगू बोलतात, हिंदीतले बारकावे त्यांच्या हातून निसटायचे. 2025 मध्ये प्राइमवरच 'पंचायत'चं तेलुगू रूप 'शिवरापल्ली' आलं. ते लावून दिल्यावर अव्वा आम्हाला अर्थ सांगायला लागल्या.

मराठीच हवं असेल तर एमएक्स प्लेयरवर 'आणि काय हवं'. उमेश कामत आणि प्रिया बापट, छोटे छोटे भाग, नवरा-बायकोचं पहिलं घर, पहिली गाडी. एका दुपारी सीझन संपतो. थोडं गूढ चालत असेल तर तिथंच 'समांतर' आहे, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची. आपलं आयुष्य दुसरा कुणीतरी आधीच जगून गेलाय, या एका कल्पनेवर पहिल्या सीझनचे 9 भाग खेचून नेतात. ही सिरीज मात्र घरातली मुलं जरा मोठी असतील तरच लावा.

हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यावरची 'स्कॅम 1992' वडिलांना आवडेल. बँकांच्या पावत्यांचा तो सगळा खेळ इतका नीट उलगडलाय, की शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नसलं तरी अडत नाही. 10 भाग आहेत, मोठे आहेत, दिवसाला दोन पुरे.

'पाताल लोक' उत्तम आहे, जयदीप अहलावतसाठी तरी बघाच. पण घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून. मारहाण आणि शिवीगाळ खूप आहे.

आज रात्री जेवणं आटोपली की 'गुल्लक'चा पहिला भाग लावा. तुमच्या वडिलांनी कुठल्या भागानंतर जुनं काही काढलं, तर इथं नक्की लिहा.